‘साभार’ लिहिले की भागते का? कॉपीराइटविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात कॉपीराइटविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन आम्ही केले होते. आलेल्या पत्रांपैकी ज्यांची उत्तरे अनेकांच्या उपयोगी पडतील, ती येथे घेतली आहेत. उत्तरे भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे, २०१२ची दुरुस्ती धरून दिली आहेत. पत्रे वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसली. लोक ‘कॉपीराइट कुणाचा?’ असे विचारतात, पण एकाच कलाकृतीत छापण्याचा, भाषांतराचा, प्रयोगाचा, ध्वनिमुद्रणाचा असे सुटे सुटे हक्क असतात आणि ते वेगवेगळ्या माणसांकडे असू शकतात. त्यामुळे पुढच्या बहुतेक उत्तरांची सुरुवात ‘यातला कोणता हक्क?’ याच प्रश्नाने होते.

प्रश्न : आमच्या फेसबुक पानावर आम्ही रोज एक मराठी कविता देतो. कवीचे नाव ठळक छापतो, खाली ‘साभार’ लिहितो. यातून एक रुपयाही मिळत नाही. तरीही एका दिवंगत कवीच्या मुलीने कविता काढून टाकायला सांगितले. तिला तो अधिकार आहे का? — वाचक, सातारा

आहे. नाव देणे हे एक कर्तव्य आणि परवानगी घेणे हे दुसरे. पहिले केले म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही. कृतीवर आपले नाव असावे आणि तिची मोडतोड होऊ नये, हा लेखकाचा हक्क कलम ५७ मध्ये आहे. लेखकाने बाकीचे हक्क विकून टाकले तरी तो त्याच्याकडेच राहतो आणि त्याच्यामागे वारस तो बजावू शकतात. कविता लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क मात्र कलम १४ मधला आहे. कवीच्या निधनानंतर तो मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने पुढे जातो. मुलगी वारस असेल आणि कवीने हा हक्क प्रकाशकाला लिहून दिलेला नसेल, तर तिचे म्हणणे मान्य करावे लागेल.

पैसे मिळत नाहीत, हा बचाव पुरा पडत नाही. न्यायालय नुकसानभरपाई ठरवताना ते लक्षात घेईल, पण परवानगीविना प्रसिद्धी हे उल्लंघनच राहते.

मग कवितेवर लिहायचेच नाही का? जरूर लिहावे. कलम ५२(१)(अ) समीक्षेसाठी, परीक्षणासाठी, चालू घडामोडींच्या वृत्तासाठी आणि खासगी अभ्यासासाठी ‘न्याय्य वापराची’ मोकळीक देते. ‘चार ओळी चालतात’, ‘दहा टक्के चालते’, ‘तीस सेकंद चालतात’ असे आकडे सगळीकडे ऐकू येतात, पण त्यातला एकही आकडा या कलमात नाही. किती घेतले, कशासाठी घेतले आणि त्यामुळे मूळ पुस्तक विकत घेण्याची गरज संपते का, हे न्यायालय पाहते. रसग्रहणात प्रत्येक कडव्यावर तुमचे भाष्य असेल तर बरेच उद्धृत करता येईल. पूर्ण कविता आणि खाली ‘अप्रतिम!’ एवढेच असेल तर ती समीक्षा ठरणार नाही.

चित्रांचेही तसेच. ‘सौजन्य : गुगल’ लिहिण्याला काही अर्थ नाही, कारण गुगल ते चित्र फक्त शोधून दाखवते. गुगलच्या चित्रशोधात ‘टूल्स’मध्ये वापरहक्काची चाळणी असते. तिथे ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ निवडा, मूळ पानावर जा आणि परवान्याच्या अटी वाचा. बहुतेक परवान्यांत छायाचित्रकाराचे नाव, परवान्याचे नाव आणि दुवा देणे बंधनकारक असते. काहींत व्यापारी वापराला, काहींत चित्रात बदल करायलाही मनाई असते.

प्रश्न : लेखक वारल्यावर साठ वर्षांनी पुस्तक मोकळे होते, असे म्हणतात. आम्हाला काही जुन्या मराठी पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या काढायच्या आहेत. हिशेब नेमका कसा करायचा? — प्रकाशन व्यवसायातील वाचक, पुणे

साठ वर्षे मृत्यूच्या तारखेपासून मोजत नाहीत. मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणून सोपा हिशेब असा : मृत्यूच्या सालात ६१ मिळवा. त्या साली १ जानेवारीला कृती मोकळी होते. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून मोकळे. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणून २०१७. सावरकर १९६६, म्हणून २०२७. अत्रे १९६९, म्हणून २०३०. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, तेव्हा त्यांच्या पुस्तकांना २०६१ सालापर्यंत हात लावता येणार नाही. पुस्तक पहिल्यांदा कधी छापले, याचा या हिशेबाशी काहीही संबंध नाही. ‘पुस्तक १९५०चे आहे, म्हणजे जुने झाले’ हा समज प्रकाशकांनाही भोवतो.

पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या लेखनाची मुदत १९९१ अखेर संपत होती. त्या सुमारास १९९२च्या दुरुस्तीने ती साठ वर्षे केली गेली. जुन्या मार्गदर्शक पुस्तिकांत अजून पन्नास छापलेले दिसते, त्यावर विसंबू नका.

आता अपवाद, आणि चुका बहुतेक इथेच होतात. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षे प्रसिद्धीच्या सालापासून मोजतात (कलम २४). बहिणाबाई चौधरी डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचा संग्रह १९५२ साली आला, म्हणून तो १ जानेवारी २०१३ पासून मोकळा झाला. इथे फरक एकाच वर्षाचा पडला. पण लेखकाच्या कपाटातली पत्रे किंवा रोजनिशी वारसांनी चाळीस वर्षांनी छापली असतील, तर त्यांची मुदत मुख्य पुस्तकांपेक्षा चाळीस वर्षे उशिरा संपते. टोपणनावाने लिहिणाऱ्याची खरी ओळख उघड झालेली नसेल तर मुदत प्रसिद्धीपासून मोजतात. दोघांनी मिळून लिहिले असेल तर शेवटी वारलेल्याचे साल धरतात.

मजकूर मोकळा झाला तरी त्याभोवतीचे सगळे मोकळे होत नाही. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सर्वांच्या आहेत. गेल्या पन्नास वर्षांत कुणी केलेला तिचा गद्य अनुवाद, टीपा, प्रस्तावना, शब्दार्थ, मुखपृष्ठावरचे चित्र यांच्यावर मात्र त्या त्या माणसाचा हक्क आहे. म्हणून पुनर्मुद्रण करताना हयात संपादकाची आवृत्ती स्कॅन करून छापू नका. शक्य तितकी जुनी आवृत्ती मिळवा, मजकूर नव्याने टंकित करून घ्या आणि प्रस्तावना व मुखपृष्ठ स्वतःचे करा. ज्या प्रतीवरून टंकलेखन केले तिचे साल व प्रकाशक फाइलमध्ये नोंदवून ठेवा. पुढे नोटीस आलीच तर हीच नोंद कामाला येते.

गाण्यांचा हिशेब आणखी वेगळा. एका गाण्यात निदान तीन हक्क असतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. ध्वनिमुद्रणाची मुदत ते प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षे. समजा, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांची चाल असलेली एक ध्वनिमुद्रिका १९५७ साली निघाली. तिचे ध्वनिमुद्रण २०१८ पासून मोकळे झाले. पण माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणजे शब्द २०३८ पर्यंत बांधलेले. फडके २००२ साली गेले, म्हणजे चाल २०६३ पर्यंत. ‘रेकॉर्ड जुनी आहे’ म्हणून ती आपल्या वाहिनीवर टाकणाऱ्यांनी हे तिन्ही आकडे काढून पाहावेत.

प्रश्न : कादंबरी पूर्ण झाली आहे. प्रकाशकाकडे पाठवण्याआधी नोंदणी करावी का? एक मित्र म्हणतो, हस्तलिखित स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवून पाकीट बंद ठेवले की पुरे. — वाचक, नांदेड

कादंबरी कागदावर किंवा संगणकात उतरली त्या क्षणी तुमचा कॉपीराइट निर्माण झाला. त्यासाठी नोंदणी, © हे चिन्ह, आयएसबीएन, ‘सर्व हक्क स्वाधीन’ ही ओळ, यांपैकी कशाचीही गरज नाही. नोंदणीशिवाय दावा करता येत नाही, असे मत मुंबई उच्च न्यायालयानेच एकदा मांडले होते. मार्च २०२१ मध्ये ‘संजय सोया’ प्रकरणात त्याच न्यायालयाने ते मत चुकीचे ठरवून नोंदणी ऐच्छिक असल्याचे स्पष्ट केले.

नोंदणीचा उपयोग पुराव्यापुरता आहे. नोंदवहीतली नोंद न्यायालय प्रथमदर्शनी खरी धरते, मग ती खोडून काढण्याचे ओझे समोरच्यावर पडते. अर्ज कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ‘फॉर्म चौदा’मध्ये भरायचा. साहित्यकृतीला प्रत्येकी ५०० रुपये शुल्क आहे. अर्जानंतर डायरी क्रमांक मिळतो. आक्षेपांसाठी ३० दिवस थांबतात, मग तपासनीस कागद पाहतो आणि त्रुटी कळवतो. अर्जदार आणि लेखक वेगळे असतील तर लेखकाचे ना-हरकतपत्र लागते. ते नसल्याने अर्ज अडकलेले पुष्कळदा दिसतात. तुमची कादंबरी कुणाची उचललेली आहे का, हे कार्यालय शोधत नाही. त्यामुळे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे मौलिकतेची हमी मिळाली, असे होत नाही.

बंद पाकिटाला कायद्यात कसलेही खास स्थान नाही. पाकीट उघडे पाठवून नंतरही बंद करता येते, एवढे समोरचा वकील सहज दाखवून देईल. त्यापेक्षा टप्प्याटप्प्याचे मसुदे, तारखांसह ई-मेल आणि प्रकाशकाशी झालेला पत्रव्यवहार जपा. पटकथालेखकांसाठी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे संहिता नोंदवण्याची सोय आहे. तिचाही उपयोग तारखेच्या पुराव्याचाच.

प्रश्न : एका दिवाळी अंकात माझी कथा आली, मानधनही मिळाले. आता कथासंग्रह काढताना संपादक म्हणतात, ‘मानधन दिले, म्हणजे कथा आमची झाली.’ अंकात तशी बारीक अक्षरांत ओळही आहे. — वाचक, कोल्हापूर

कथा तुमची आहे. तुम्ही त्या अंकाचे पगारी नोकर नाही, म्हणून पहिला मालक लेखकच. हक्काचे हस्तांतरण व्हायचे तर ते लेखी हवे आणि त्यावर हक्क देणाऱ्याची सही हवी (कलम १९). अंकात संपादकांनी स्वतः छापलेली ओळ म्हणजे तुमची सही नव्हे. मानधनाची पावती म्हणजे हस्तांतरणही नव्हे. त्या व्यवहारातून त्यांना एवढीच अनुमती मिळाली की कथा त्या अंकात छापावी.

मात्र मानधनाच्या पावतीवरच चार ओळी छापलेल्या असतात आणि लेखक घाईत सही करतो, असे होते. म्हणून पावती आधी काढून वाचा. तिथे ‘सर्व हक्क प्रकाशकास दिले’ असे असेल तरी सगळे संपत नाही. कायदा लेखकाच्या बाजूने बरेच काही स्वतःच भरतो, आणि मराठी लेखकांनी या तरतुदी पाठ करून ठेवाव्यात असे आम्हाला मनापासून वाटते. मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचेच धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर ते भारतापुरतेच. घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही, तर करारात वेगळे ठरले नसल्यास तो परत लेखकाकडे येतो. २१ जून २०१२ पासूनच्या करारांत, करार झाला तेव्हा अस्तित्वात किंवा व्यवहारात नसलेल्या माध्यमाचा हक्क, त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय जात नाही.

पुढच्या वेळी कथा पाठवताना सोबतच्या पत्रात एक वाक्य घाला : ‘ही कथा अमुक सालच्या दिवाळी अंकात एकदा छापण्यापुरती अनुमती देत आहे, पुस्तक, ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक, भाषांतर, नाट्य व चित्रपट रूपांतराचे हक्क माझ्याकडे राहतील.’ एवढ्याने बहुतेक भांडणे टळतात.

पगारी पत्रकारांचा नियम वेगळा आहे. नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा वृत्तपत्रात किंवा नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा. बाकीचे, म्हणजे पुस्तकाचे वगैरे, वेगळा करार नसेल तर पत्रकाराचेच.

प्रश्न : आमचा हौशी नाट्यगट आहे. प्रयोग विनामूल्य करतो. तरी लेखकाला परवानगी विचारावी लागते का? परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आहे. — वाचक, रत्नागिरी

प्रमाणपत्राचा इथे संबंध नाही. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ संहिता सादरीकरणाला योग्य आहे का, एवढेच पाहते. लेखकाचा हक्क ही वेगळी बाब आहे.

तुमच्या बाजूने कलम ५२(१)(ल) आहे. हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर, किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग उल्लंघन ठरत नाही. तेव्हा निव्वळ विनामूल्य प्रयोगाला कायद्याने परवानगी लागत नाही. पण ही सूट अरुंद आहे आणि गट तिच्याबाहेर केव्हा जातो, ते त्यालाच कळत नाही. दहा रुपयांचे तिकीट लावले, संपली. प्रवेशिका ‘देणगी’ म्हणून विकली तरी प्रेक्षक पैसे देणाराच. प्रयोगाचे चित्रीकरण यूट्यूबवर टाकले तर तो प्रयोग राहत नाही, ते चित्रपट करणे आणि लोकांपर्यंत पोहोचवणे झाले. त्याला या कलमाचा आडोसा नाही. तीन अंकी नाटकाची एकांकिका केली, पात्रे वाढवली, शेवट बदलला, तर ते रूपांतर झाले. त्याला परवानगी हवीच, शिवाय कलम ५७ही मधे येते.

शाळेसाठी वेगळे कलम आहे. शिक्षक व विद्यार्थ्यांनी केलेला प्रयोग, प्रेक्षक कर्मचारी, विद्यार्थी आणि पालक एवढेच असतील तर चालतो. स्नेहसंमेलनाला गावातल्या सगळ्यांना बोलावले की ती मर्यादा ओलांडली जाते.

स्पर्धांत उतरणाऱ्यांनी सरळ लेखकाचे संमतिपत्र घ्यावे, आयोजकही ते मागतात. पत्रात नाटकाचे नाव, प्रयोगांची संख्या, कालावधी, प्रत्येक प्रयोगाचे मानधन, बदल करण्याची मुभा आहे की नाही आणि चित्रीकरण करता येईल की नाही, हे सहा मुद्दे असू द्या. ‘फोनवर हो म्हणाले होते’ हे वाक्य अंतिम फेरीत निरुपयोगी ठरते. आणि प्रयोग विनामूल्य असला तरी लेखकाला कळवावे. कायद्यासाठी नव्हे, त्याचे नाटक कुठे होते आहे हे त्याला समजायला हवे म्हणून.

प्रश्न : लग्नाचे फोटो आमच्या परवानगीशिवाय छायाचित्रकाराने आपल्या जाहिरातीत वापरले. त्याचे म्हणणे, ‘फोटो ज्याने काढला त्याचा.’ — वाचक, नाशिक

एरवी ते खरे आहे, तुमच्या बाबतीत नाही. मोबदला देऊन, कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, सांगणारा असतो (कलम १७(ब)). तेव्हा आधी पावती आणि बुकिंगचा कागद पाहा, कारण अनेक छायाचित्रकार तिथेच ‘हक्क आमच्याकडे’ किंवा ‘प्रसिद्धीसाठी वापरू’ असे छापतात आणि तुमची सही घेतात. तसे काही नसेल तर लेखी मागणी करून फोटो काढायला लावता येतील. हक्क तुमचा असला तरी कॅमेऱ्यातल्या मूळ ‘रॉ’ फाइल्स मिळतीलच असे नाही. तो व्यवहार वेगळा, तो बुकिंगच्या वेळीच लिहून घ्यावा.

प्रश्न : लग्नात गाणी वाजवायला परवाना लागत नाही असे वाचले. तरी सभागृहवाले परवान्याचा कागद मागतात. खरे काय? — वाचक, मडगाव

कलम ५२(१)(झेडए) प्रमाणे धार्मिक विधीच्या ओघात वाजवलेले संगीत उल्लंघन ठरत नाही, आणि स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर सामाजिक समारंभ यांचा समावेश आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने याच आशयाची सूचना काढली. गोवा सरकारने ३० जानेवारी २०२४ रोजी परिपत्रक काढून हॉटेलांनी व इतरांनी अशा समारंभांसाठी परवान्याचा आग्रह धरू नये असे सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्द केले. म्हणजे परिपत्रक गेले, कलम राहिले. एखादा विशिष्ट कार्यक्रम त्या कलमात बसतो की नाही, हे वाद झाल्यास न्यायालय ठरवेल.

वरात, हळद, मंगलाष्टके यांबाबत तुमची बाजू भक्कम आहे. तिकीट लावलेली ‘म्युझिक नाइट’ लग्नाच्या आठवड्यात ठेवली म्हणून लग्नाचा भाग होत नाही. गणेशोत्सवातही आरती वेगळी आणि मंडळाने पास विकून केलेला वाद्यवृंद वेगळा.

परवाना घ्यायचाच असेल तर कशाचा ते समजून घ्या. शब्द व चाल यांचे काम आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था पाहते. ध्वनिमुद्रणांचे पीपीएल आणि आणखी काही कंपन्या. कलाकार प्रत्यक्ष गाणार असतील तर ध्वनिमुद्रण वाजतच नाही, म्हणून त्या परवान्याचा प्रश्न येत नाही. डीजे असेल तर दोन्ही. पैसे मागणाऱ्याकडून त्याच्या हक्कातल्या गाण्यांची यादी आणि हक्काचा कागद लेखी मागा. नुसत्या नोटिशीवर पैसे देऊ नका.

प्रश्न : माझ्या कथेचे शीर्षक एका चित्रपटाने जसेच्या तसे घेतले. दावा करता येईल का? — वाचक, मुंबई

नुसत्या शीर्षकावर नाही. कृषिका लुल्ला विरुद्ध श्याम विठ्ठलराव देवकट्टा या २०१५ सालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शीर्षकाला कॉपीराइट नाही असे स्पष्ट म्हटले आहे. कल्पनेलाही नाही, हे आर. जी. आनंद प्रकरणात १९७८ सालीच ठरले. पात्रे, प्रसंगांची साखळी, संवाद असे मांडणीतले ठोस साम्य असेल तरच पुढे जा, आणि साम्यांचा तक्ता पानांच्या क्रमांकांसह करून वकिलाकडे न्या. पाककृतींबाबत तिघांनी विचारले आहे, त्यांचेही उत्तर हेच : साहित्याची यादी आणि प्रमाण कुणाचेच नाही, कृती सांगण्याची तुमची वाक्ये आणि फोटो तुमचे.

प्रश्न : दुर्मीळ, बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकांच्या पीडीएफ टेलिग्रामवर देणे ही वाचनसेवाच नाही का? आमचे सार्वजनिक ग्रंथालयही जुनी पुस्तके स्कॅन करू इच्छिते. — ग्रंथपाल, जळगाव

आवृत्ती संपणे आणि हक्क संपणे यांचा संबंध नाही. मुदतीतल्या पुस्तकाची पीडीएफ वाटणे उल्लंघन आहे, विनामूल्य असले तरी. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी लाभासाठी नसेल तर कारणे नोंदवून शिक्षा कमी करता येते, पण गुन्हा राहतोच. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले. ‘टेलिग्रामवर नाव कळत नाही’ यावरही भिस्त नको. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने अभ्याससाहित्य वाटणाऱ्या वाहिन्यांच्या चालकांची माहिती उघड करण्याचा आदेश टेलिग्रामला दिला.

तुमच्या ग्रंथालयाला मात्र कायद्याने खास जागा दिली आहे, आणि ती फार थोडी ग्रंथालये वापरतात. कलम ५२(१)(एन) खाली, छापील प्रत तुमच्याकडे आधीच असेल तर जतनासाठी ती डिजिटल स्वरूपात साठवता येते. त्यापुढच्या खंडाखाली, भारतात विक्रीस नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती ग्रंथालयाच्या वापरासाठी करता येतात. दोन्ही सवलती नफा न कमावणाऱ्या, सर्वांसाठी खुल्या ग्रंथालयांना आहेत. स्कॅन ग्रंथालयातच ठेवा, संकेतस्थळावर टाकू नका. दृष्टिहीन वाचकांसाठी ध्वनी किंवा ब्रेल प्रत करायची असेल तर कलम ५२(१)(झेडबी) पुष्कळ मोकळे आहे. प्रत ना-नफा तत्त्वावर, फक्त खर्च वसूल करून द्यावी आणि ती अन्य व्यापारात जाणार नाही याची काळजी घ्यावी.

प्रश्न : बालभारतीची पुस्तके मोफत उतरवून घेता येतात. मग त्यातले धडे घेऊन मी सराव-पुस्तिका विकली तर? — शिक्षक, बीड

मोफत मिळणे म्हणजे मोकळे असणे नव्हे. वर्गात शिकवताना, प्रश्नपत्रिकेत, उत्तरात मजकूर वापरायला शिक्षकाला पूर्ण मोकळीक आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली विद्यापीठाच्या अभ्यासक्रमासाठी केलेल्या छायाप्रतींच्या संचांनाही शिक्षणासाठीची हीच सवलत लावली. विक्रीची पुस्तिका त्यात बसत नाही. मंडळाची लेखी परवानगी घ्या, आणि लक्षात ठेवा की पाठ्यपुस्तकातल्या कवितेचा हक्क बहुधा कवीचा किंवा त्याच्या प्रकाशकाचा असतो. मंडळाने हो म्हटले तरी तिथे वेगळे विचारावे लागते. त्यापेक्षा धड्याचा मजकूर न छापता स्वतः रचलेले प्रश्न विका, त्यांचा कॉपीराइट तुमचाच राहील.

प्रश्न : एका कन्नड कादंबरीचे इंग्रजी भाषांतर वाचून मी ती मराठीत आणली. आता प्रकाशक परवानगी मागतो. — वाचक, सोलापूर

दोन परवानग्या लागतील : कन्नड लेखकाची (किंवा वारसांची) आणि ज्या इंग्रजी पाठावरून काम केले त्याच्या हक्कधारकाची. कन्नडवरून थेट केले असते तर एकच लागली असती. इंग्रजी प्रकाशकाकडे मराठी भाषांतराचा हक्क असेलच असे नाही. पहिल्या पत्रात तोच प्रश्न विचारा. परवानगी मिळाल्यावर तुमच्या मराठी पाठावर तुमचा स्वतंत्र हक्क राहील, तेव्हा प्रकाशकाशी करार करताना तो बिनमुदत लिहून देऊ नका.

प्रश्न : मी स्वतः गायलेल्या ‘सुखकर्ता दुःखहर्ता’वर यूट्यूबने कॉपीराइटचा दावा लावला. दुसरीकडे माझ्या ब्लॉगवरचे लेख एका संकेतस्थळाने जसेच्या तसे उचलले आहेत. दोन्हीकडे मी काय करू? — वाचक, ठाणे

आरतीचे शब्द शेकडो वर्षांपूर्वीचे आहेत, पारंपरिक चालीवरही कुणाचा हक्क नाही. दावा यंत्राने केलेला असतो. कुणाच्या तरी ध्वनिमुद्रणाशी तुमचा सूर जुळला, एवढेच त्यामागे असते. आधी खात्री करा की वाद्यसाथ तुमची आहे, विकतच्या किंवा उतरवून घेतलेल्या कराओकेवर गायला असाल तर दावा बरोबर असू शकतो. साथ तुमचीच असेल तर ‘यूट्यूब स्टुडिओ’ या आपल्या वाहिनीच्या पानावर जाऊन ‘डिस्प्यूट’ करा आणि कारणात लिहा : पारंपरिक रचना, गायन व वादन स्वतःचे. दावेदाराला ३० दिवस मिळतात, तो गप्प राहिला तर दावा सुटतो. ‘क्लेम’ आणि ‘स्ट्राइक’ यांत गल्लत करू नका. क्लेमने बहुधा त्या चित्रफितीचे उत्पन्न जाते. स्ट्राइक म्हणजे हक्कधारकाच्या तक्रारीवरून चित्रफीत काढली गेल्याची ताकीद. ९० दिवसांत अशा तीन स्ट्राइक झाल्या तर वाहिनीच बंद होऊ शकते.

लेखचोरीसाठी पहिले काम पुरावा. दोन्ही पानांची पूर्ण चित्रे पत्ता व तारीख दिसेल अशी घ्या, कारण नोटीस मिळताच पान नाहीसे होते. न्यायालयात ती दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३चे प्रमाणपत्र लागते. मग लेख साठवणाऱ्या सेवेकडे कलम ५२(१)(क) व नियम ७५ खाली लेखी तक्रार करा : कोणता लेख, तो तुमचा असल्याचा आधार, उचललेल्या पानाचा नेमका पत्ता आणि २१ दिवसांत दावा दाखल करून आदेश आणण्याची हमी. तक्रार रीतसर असेल तर ३६ तासांत तो मजकूर बंद करावा लागतो. २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश पोहोचला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो, म्हणून तक्रारीच्या आधीच वकिलाशी बोलून ठेवा. दाव्यासाठी उचलणाऱ्याच्या गावी जायला नको. कलम ६२ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा व्यवसाय करता तिथल्या जिल्हा न्यायालयात तो दाखल करता येतो. मुदत उल्लंघनापासून तीन वर्षांची आहे.